भिंतीपासून चार पावलं

फोटो काढायचा म्हटलं की आपली माणसं भिंतीला जाऊन चिकटतात. असं का होतं, याचा मी गेली चाळीसेक वर्षं विचार करतो आहे. अंगण मोकळं असतं, ऊन छान उतरलेलं असतं, पुढं जागा भरपूर असते. पण कॅमेरा दिसला रे दिसला की माणूस दोन पावलं मागं सरकतो, पाठ भिंतीला टेकवतो, हात मांड्यांना लावतो आणि श्वास रोखून धरतो. शाळेत उंची मोजायला उभं केल्यासारखा. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, यात फरक नाही. मराठी बोलणारा चिकटतो, कानडी बोलणाराही चिकटतो. सीमाभागातल्या फोटोग्राफरला मात्र तेच एक वाक्य दोनदा म्हणावं लागतं, ‘जरा पुढं या’ आणि ‘स्वल्प मुंद बर्री’. आणि दोन्ही वाक्यांचा परिणाम सारखाच, म्हणजे शून्य.

भिंतीचा आधार वाटतो हे खरं. उघड्यावर, एकटं, कुणीतरी टक लावून बघत असताना उभं राहायची आपल्याला सवय नाही. बायकांना तर नाहीच नाही. भिंत नसली तर त्या शेजारचं एखादं पोर ओढून पुढ्यात घेतात आणि त्याच्या खांद्यांवर हात ठेवतात. पोराचा फोटो चांगला येतो.

‘भिंतीपासून चार पावलं पुढं’ हा मंत्र मला १९७८ साली मिळाला. एस. एस. एल. सी.ची परीक्षा झाली होती, सुट्टी लांबलचक होती आणि वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा गावात स्टुडिओ होता. त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. मामांनी मला पहिले पंधरा दिवस कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. माझं काम एकच होतं, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं आणि ते स्टूल फरशीवर खडूनं केलेल्या खुणेवरच आहे ना ते बघायचं. मागच्या पडद्यापासून ती खूण चांगली सहा फूट पुढं होती. गिऱ्हाईक स्टूल मागं सरकवायचं, मी ते पुढं आणायचो. पडदा एवढा सुंदर रंगवलेला आणि हा पोरगा आपल्याला त्याच्यापासून लांब का बसवतो, असा भाव लोकांच्या चेहऱ्यावर असायचा.

मामा कारण सांगायचे नाहीत. ते मी हळूहळू बघून शिकलो. माणूस भिंतीला चिकटला की त्याची सावली त्याच्या कानामागून निघते आणि भिंतीवर एक काळा जुळा भाऊ उभा राहतो. चार पावलं पुढं आला की तीच सावली खाली जमिनीवर पडते आणि चित्रातून निघून जाते. दुसरं असं, की भिंत आणि माणूस एकाच अंतरावर असतील तर भिंग दोघांना सारखाच न्याय देतं. जेवढे स्पष्ट डोळे, तेवढेच स्पष्ट भिंतीवरचे पोपडे. तिसरं कारण उजेडाचं. दिव्याजवळ माणूस, दिव्यापासून लांब पडदा. म्हणजे चेहऱ्यावर उजेड पुरेसा आणि पडदा आपोआप मावळतीचा. अंतर वाढवलं की सावली, फोकस आणि उजेड या तिन्ही गोष्टी एकदम आपल्या बाजूला येतात, आणि त्याला एक पैसा खर्च येत नाही. पोर्ट्रेटवरची जाडजूड पुस्तकं मी पुढं पुष्कळ वाचली. या खडूच्या खुणेइतकं उपयोगाचं त्यांत थोडंच सापडलं.

मामांचा शब्द होता ‘सुटणं’. फोटो धुऊन झाला की तो ओलाच चिमट्यात धरून ते लाल दिव्याखाली बघायचे आणि म्हणायचे, “सुटलाय.” किंवा “नाही सुटला.” माणूस पार्श्वभूमीतून सुटून पुढं यायला हवा, एवढा त्याचा अर्थ. हा शब्द त्यांनी चित्रकारांकडून उचललेला असावा. बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखा व्यक्तिचित्रं करणारा चित्रकार होता, रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले. त्यामुळं इथं चित्राची भाषा कानावर पडायला आर्ट स्कूलमध्येच जावं लागत असे असं नाही. चित्रकार डोक्याची उजळ बाजू गडद पार्श्वभूमीवर ठेवतो आणि छायेतली बाजू उजळ पार्श्वभूमीवर. रेषा न काढताही डोकं सुटून येतं. फोटोग्राफरला हे कुंचल्यानं करता येत नाही. त्याला माणूस हलवावा लागतो, नाहीतर स्वतः हलावं लागतं.

स्वतः हलणं ही गोष्ट लोकांना का पटत नाही कोण जाणे. आमच्या घरी काकांचा आग्फा क्लिक थ्री होता. तो बडोद्याला तयार व्हायचा, आणि त्या काळात मध्यमवर्गीय घरात दुसरा कॅमेरा क्वचितच दिसे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. फोकस करायची भानगडच नव्हती. ऊन की ढग एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. त्यामुळं काकांनी काढलेल्या फोटोंत सगळं जग सारख्याच मानानं उभं आहे. आत्याच्या डोक्यातून तुळस उगवली आहे. वडिलांच्या एका कानातून विजेची तार शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली आहे. माझ्या मुंजीच्या फोटोत माझ्याइतकाच ठळकपणे वाळत घातलेला आजोबांचा लेंगा आहे. काका खटका दाबण्यापूर्वी अर्धं पाऊल डावीकडं सरकले असते, तर तुळस आपल्या वृंदावनात परत गेली असती. गुडघा जरा वाकवला असता, तर कुंपणाची आडवी रेषा आजीच्या मानेवरून सुरीसारखी गेली नसती. पण काका चेहऱ्याकडं बघायचे, आणि चेहऱ्याकडं बघणाऱ्याला तुळस दिसत नाही. आपलं मन माणसाला आधीच सोडवून घेतं. भिंगाला मन नसतं. म्हणून खटका दाबण्यापूर्वी एकदा चेहरा सोडून चारी कडांवरून नजर फिरवायची आणि मग परत चेहऱ्यावर यायचं. ही सवय लागली की निम्मं काम झालं.

भिंगाचं गणितही सांगून टाकतो, कारण पुष्कळांची समजूत अशी असते की महागडं भिंग घेतलं की मागचं सगळं विरघळतं. पन्नास मिलिमीटरचं साधं भिंग घ्या, माणूस दोन मीटरवर बसवा. छिद्र एफ-२ इतकं मोठं उघडलं तर साधारण वीस सेंटिमीटरची पट्टी तेवढी स्पष्ट येते. नाकापासून कानापर्यंत जेमतेम भागलं. तेच छिद्र एफ-१६ इतकं बारीक केलं तर ही पट्टी पावणेदोन-दोन मीटरची होते आणि मागचं कॅलेंडरही वाचता येतं. भिंग ८५ मिलिमीटरचं आणि छिद्र एफ-१.८ असेल तर दोन मीटरवर सहाच सेंटिमीटर हातात राहतात. जवळचा डोळा धरला तर लांबचा कान सुटतो. हे सगळं खरं. पण भिंत माणसापासून वीतभरच मागं असेल, तर यातलं मोठ्यात मोठं छिद्रही ती पुरती विरघळवू शकत नाही. म्हणजे गणित शेवटी खडूच्या खुणेपाशीच येतं.

आता त्या पडद्यांविषयी. मामांच्या स्टुडिओत तीन होते. एकावर खांब आणि पायऱ्या, दुसऱ्यावर तळं आणि हंस, तिसरा नुसता राखाडी. लग्न ठरवायचा फोटो खांबांपुढं, नवरा-बायकोचा हंसापुढं आणि नोकरीच्या अर्जाचा राखाडीपुढं, असा अलिखित नियम होता. या पडद्यांची आपण पुढं फार टिंगल केली. मला ती तितकी रास्त वाटत नाही. लाला दीनदयाळ इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफर झाले आणि पुढं हैदराबादेत निजामाच्या दरबारी फोटोग्राफीनं त्यांना राजा ही पदवी मिळवून दिली. त्यांच्या स्टुडिओतले सरदार-जहागीरदारही रंगवलेल्या पडद्यापुढंच उभे आहेत. तिथं तो पडदा प्रतिष्ठा सांगत होता. आमच्याकडं शहापूरचा विणकर बायकोसह हंसापुढं बसायचा, तेव्हा तो पडदा त्याला अर्ध्या तासापुरता मागापासून सोडवत होता. याच दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला बाई नेमली. बाईमाणसाचा फोटो नीट निघायचा असेल तर तिला आधी मोकळं वाटेल अशी जागा हवी, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आमच्या गावातल्या बायकांना असा स्टुडिओ मिळाला नाही. त्या ग्रुप फोटोत बसल्या. मधल्या रांगेत, कडेला, मांडीवर मूल घेऊन.

याचा परिणाम मला अंधाऱ्या खोलीत दिसायचा. स्टुडिओचं निम्मं उत्पन्न नव्या फोटोंचं नसायचं, जुन्यांचं असायचं. घरात कुणी वारलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा किंवा पुतण्या एक पिवळा पडलेला ग्रुप फोटो घेऊन यायचा, त्यातल्या एका डोक्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, “यातला हा तेवढा वेगळा काढून द्या. दहाव्याला पाहिजे.” मामा त्या फोटोचा फोटो काढायचे. मग त्या निगेटिव्हवर शून्य नंबरच्या ब्रशनं लाल ओपेक लावत बसायचे. निगेटिव्हवर जिथं हा लाल रंग बसतो तिथून उजेड जात नाही आणि छापताना कागद पांढरा राहतो. डोक्याच्या कडेकडेनं, कानाच्या पाळीच्या वळणावरून, टोपीच्या काठावरून तो ब्रश फिरायचा आणि आजूबाजूचे भाऊ, भावजया, व्याही, मुलं एकेक करून पांढऱ्यात बुडायची. शेवटी एकटा तो उरायचा. मग टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवर गालाचे खड्डे भरायचे, मोठा करून छापायचा, कडा धुक्यासारख्या करायच्या, झालं. अवघड असायचे ते खांदे. ग्रुपमध्ये माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, आणि एकाचा खांदा कुठं संपतो आणि दुसऱ्याचा कुठं सुरू होतो हे निगेटिव्हवर सांगता येत नाही. कधी कुणाचा हात गेलेल्या माणसाच्या खांद्यावर असायचा. बोटं पुसायची तर खांद्याचं कापड नव्यानं रंगवावं लागे. मामा कधीकधी कंटाळून ती तशीच ठेवायचे. गावातल्या कितीतरी घरांत आजही असे फोटो आहेत. हार घातलेला गृहस्थ एकटाच आहे आणि त्याच्या खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं आहेत.

पोर्ट्रेटची कला शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘विषय पार्श्वभूमीपासून वेगळा करा’ असं लिहिलेलं असतं. ते वाचताना मला दर वेळी मामांचा तो ब्रश दिसतो. वेगळं करायचं म्हणजे कशापासून, आणि किती?

आमच्या गल्लीत एक अज्जी होत्या. माहेर बैलहोंगलकडचं, कानडी, सासर मराठी. सत्तर वर्षं संसार करून त्यांची मराठी आमच्याइतकीच खणखणीत झाली होती, फक्त राग आला की कानडी यायचं. मला त्या ‘तम्मा’ म्हणत. २०१८ च्या दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी नातवाला पाठवून मला बोलावून घेतलं. मी गेलो तर ओसरीवर बसलेल्या, समोर पानाचा डबा.

“तम्मा, माझा एक फोटो काढ. एकटीचा.”

मी म्हटलं, “काढू की. नातवंडांना घेऊन बसा, छान येईल.”

“नातवंडं नकोत. एकटीचा म्हटलं न्हवं?” आणि आतल्या भिंतीकडं बोट केलं. तिथं त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो होता. ते १९७४ साली गेले. फोटो त्याच जातीचा होता, ओपेक लावून सोडवलेला. मामांचा नव्हे, दुसऱ्या कुठल्यातरी स्टुडिओतला. टोपी, कोट, पांढरं धुकं. “तो जोडीनं काढलेला. लग्नानंतर पहिल्यांदा बेळगावच्या बाजाराला आलो तवा. ते गेले आणि थोरल्या दिरांनी तो नेऊन एकट्याचा करून आणला. मूळचा फोटो परत मिळालाच नाही. मी हाय की तिथं, बघ. हितं.”

मी स्टूल घेऊन जवळून बघितलं. यजमानांच्या डाव्या कोपराला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, कोटाच्या काठाशी एक काळपट त्रिकोण राहून गेला होता. बोटाच्या पेराएवढा. त्यात बारीक काठ दिसत होता. पदर.

“मला परत घाल असं म्हणत नाही,” अज्जी म्हणाल्या, “ते व्हायचं नाही. पण माझा एकटीचा आत्ताच काढून ठेव. न्हाईतर मलाबी कुणाच्यातरी लग्नातनं कापून आणतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन गेलो. आमच्याकडची जुनी कौलारू घरं म्हणजे तयार स्टुडिओ असतात, हे मी कुणालाही सांगेन. ओसरीचा उंबरा ओलांडला की माजघर आणि माजघरात काळोख. माणूस उंबऱ्यापाशी बसला की अंगणातल्या आभाळाचा मऊ उजेड त्याच्या चेहऱ्यावर येतो आणि मागं नुसता अंधार राहतो. ऊन थेट अंगावर येत नाही, डोळे बारीक होत नाहीत, सुरकुत्यांना धार येत नाही. पाच-सात हजार रुपयांचा पडदा आणि दिवे लावून जे मिळवायचं, ते घर बांधणाऱ्या गवंड्यानं आधीच करून ठेवलेलं असतं.

पण अज्जी इरकल नेसून आल्या. ठेवणीतलं, गडद, जवळजवळ काळंच. काळं लुगडं आणि मागं काळा अंधार. कॅमेऱ्यातून बघितलं तर चेहरा आणि दोन हात तेवढे हवेत तरंगत होते, बाकी अज्जी गायब. सूनबाई म्हणाल्या, “अत्ती, ते पिस्ता रंगाचं नेसा की.” अज्जी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नजरेनंच सूनबाई आत गेल्या. मामा असते तर म्हणाले असते, “नाही सुटल्या.”

यावर सोपा इलाज म्हणजे मागं पांढरी चादर बांधणं. गडद लुगडं पांढऱ्यावर उठून दिसलं असतं खरं. पण मग त्यांचे पांढरे केस चादरीत बुडाले असते आणि दारही गेलं असतं. आणि दार तर अज्जींना हवं होतं. कॅमेरा बघताच त्यांनी पहिली सूचना दिली होती ती ही, की “दार येऊ दे. ह्या दारातनं आत आले मी.”

उजेड वरून सापडला. माजघराच्या छपरात एक काचेचं कौल होतं. चुलीच्या धुरानं ते असं काजळलं होतं की आहे हेसुद्धा घरात कुणाला आठवत नव्हतं. नातू छपरावर चढला, ओल्या फडक्यानं त्यानं ते आतून-बाहेरून पुसलं, आणि माजघरात उन्हाचा एक चौकोन धपकन खाली पडला. तो कवडसा थेट अंगावर घेतला असता तर केस जळाल्यासारखे पांढरे झाले असते. म्हणून थांबलो. चहा झाला. अज्जींनी दोन पानं खाल्ली. अकराच्या सुमाराला कवडसा सरकून बाजूच्या भिंतीवर चढला, आणि भिंतीनं तो पसरवून अज्जींच्या पाठीमागून परत केला. त्यांच्या केसांच्या कडेला एक रेघ उमटली. मग डाव्या खांद्यावर. मग पदराच्या काठावर, जिथं लाल रेशीम होतं तिथं. काळ्या लुगड्याची कड काळ्या अंधारातून वेगळी झाली. मामांच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं एक लहान दिवा असायचा, त्याचंच हे काम.

छिद्र मी एफ-५.६ वर ठेवलं. भिंग ८५चंच, पण तीन मीटर मागं सरून. तेवढ्यानं साधारण चाळीस सेंटिमीटरची पट्टी मिळते, म्हणजे डोळेही आले आणि मांडीवरचे हातही. त्या हातांना धूसर करायची माझी तयारी नव्हती. सुटण्याचं काम उजेडानं केलं होतं, भिंगाकडून ते करून घ्यायची गरज उरली नव्हती. मी अंगणात पाटावर बसलो, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. वरून खाली काढलेल्या फोटोत म्हातारी माणसं कीव केल्यासारखी दिसतात. दाराची डावी चौकट उभी ठेवली, पितळी कडीसकट. अज्जींना मधोमध न बसवता जरा उजवीकडं घेतलं आणि डावीकडं अंधार राहू दिला. अर्नोल्ड न्यूमननं १९४६ साली संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो काढला, त्यात निम्म्याहून अधिक जागा उघडलेल्या पियानोच्या काळ्या झाकणानं घेतली आहे आणि तो एवढा मोठा माणूस खाली डाव्या कोपऱ्यात आहे. तरी नजर पहिल्यांदा त्याच्याकडंच जाते. चित्रात जागा किती दिली यावर माणसाचं मोठेपण ठरत नाही, हे मी त्या फोटोवरून शिकलो. पियानो काढून टाकला असता तर उरला असता एक चष्मेवाला गृहस्थ.

सगळं जुळलं, पण चेहरा भिंतीला चिकटलेलाच होता. भिंत नसतानाही माणूस आतल्या आत चिकटून बसतो. अज्जी डोळे विस्फारून बसल्या होत्या, आपल्या हाराच्या फोटोत आत्ताच जाऊन बसल्यासारख्या. “इल्लि नोड्री” म्हटलं, “जरा हसा” म्हटलं, काही नाही. युसुफ कार्शनं १९४१ च्या डिसेंबरात ओटावाला चर्चिलचा तो प्रसिद्ध फोटो काढताना त्याच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या संतापाचा फोटो जगभर गाजला, असं सांगतात. अज्जींच्या बाबतीत ते धाडस माझ्यानं होणं शक्य नव्हतं. ते नातवानं केलं. छपरावरून उतरताना त्यानं एक कौल फोडलं. आवाज झाला, अज्जींनी मान वळवली, कानडीतून एक सणसणीत वाक्य फेकलं, आणि वळलेली मान परत माझ्याकडं आणताना त्यांच्या तोंडावर राग संपत आलेला होता आणि हसू अजून पुरतं आलेलं नव्हतं. तेवढ्यात खटका दाबला.

नातवाला अर्थात माझ्या या दोन-अडीच तासांच्या खटाटोपाचं हसू येत होतं. त्यानं लगेच खिशातला मोबाइल काढला आणि आजीचा फोटो घेऊन दाखवला. मागचं सगळं लोण्यासारखं मऊ. २०१६ साली आयफोननं हे ‘पोर्ट्रेट’ नावाचं बटण आणलं आणि बघता बघता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते आलं. मोबाइलचं भिंग इतकं लहान असतं, की त्यातून मूळचा फोटो काकांच्या क्लिक थ्रीसारखाच निघतो, सगळं जग सारखं स्पष्ट. मग आतला हिशेब माणूस कुठं संपतो ते ठरवतो आणि उरलेल्यावर धुकं पसरतो. म्हणजे मामांचा लाल ओपेकच, फक्त ब्रशाऐवजी आकडेमोड. मी नातवाच्या मोबाइलवर तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. अज्जींच्या कपाळावरच्या मोकळ्या बटा धुक्यात गेल्या होत्या. एक कुडी राहिली होती, दुसरी अर्धी विरघळली होती. काठी हा त्यांचा भाग आहे हे मोबाइलला पटलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांचा हात हवेतच काहीतरी धरून होता. “पण पटकन झाला की नाही, काका?” तो म्हणाला. पटकन झाला हे खरंच होतं, आणि हजार प्रसंगी तेवढं पुरतं. मीही वापरतो ते बटण.

मी दिलेला मोठा छापील फोटो अज्जींनी भिंतीवर लावू दिला नाही. पेटीत लुगड्यांच्या घडीखाली ठेवला आणि सुनेला सांगून ठेवलं, “लावायचा तवा लावा.” कधी कुणी जवळचं आलं की पेटी उघडून दाखवायच्या म्हणे. मला एकदाच दाखवला, मीच काढलेला असूनही, जणू मला माहीत नसावा अशा रीतीनं.

अज्जी २०२१ साली गेल्या. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला, दोन्ही भाषांत. त्यावर नातवाच्या मोबाइलमधला फोटो होता. छपाईवाल्यानं राहिलेलं धुकंही कापून मागं निळं आभाळ आणि ढग घातले होते. कुडी आता पूर्ण गेली होती. फलक महिनाभर होता, मग उन्हानं पांढरा पडला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पेटीतला फोटो काढला तेव्हा मला बोलावणं आलं. मुलाचं म्हणणं असं, की दोन्ही फोटो एकसारखे करून घ्यावेत. वडिलांचा लहान आणि पांढरा, आईचा मोठा आणि काळोखातला. शेजारी शेजारी बरं दिसत नाही. कॉम्प्युटरवर दोघांच्या मागं एकच रंग टाकता येईल ना? येईल, मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. आईच्या मागचं दार तेवढं जाईल.

सूनबाई आतून म्हणाल्या, “दार राहू दे. त्यांनी सांगून काढून घेतलंय ते.”

मग कुणी काही बोललं नाही. खिळा कुठं ठोकायचा एवढाच प्रश्न उरला. मुलगा हातोडी घेऊन डावीकडं उभा होता, तिकडं भिंत मोकळी होती. उजवीकडं वीज मंडळाची बिलं अडकवलेली तार आणि कॅलेंडर होतं. मी कॅलेंडर उतरवलं, बिलं त्याच्या हातात दिली आणि खिळा उजवीकडं, यजमानांच्या कोपराच्या बाजूला धरला.